ताटाची डावी बाजू

धर्मगुरूच्या वाट्याला स्वतःचे घर येत नाही. त्याऐवजी पुष्कळ घरांची जेवणे येतात. गेली काही वर्षे आम्ही ऊर्जानगर येथे सेवेत आहोत. या काळात गृहभेटींच्या निमित्ताने जी ताटे आमच्यापुढे आली त्यांची नोंद ठेवली असती, तर एव्हाना एक वही भरून गेली असती. ती वही आम्ही ठेवली नाही. त्याहूनही खेदाची गोष्ट अशी की, त्या ताटांतील जे जपून ठेवण्याजोगे होते ते कित्येक वर्षे आम्ही चाखलेही नाही. हा लेख त्याच चुकीचा आहे.

चंद्रपूर शहरापासून ताडोब्याच्या वाटेला लागले की दुर्गापूरच्या कोळसा खाणीच्या शेजारी वीजकेंद्राची ही वसाहत लागते. १९८३ साली येथील पहिला संच सुरू झाला. पहिले दोन संच आता निवृत्त झाले असून उरलेले सात संच मिळून केंद्राची क्षमता २,९२० मेगावॉट आहे. कोळसा शेजारी, पाणी इरई धरणाचे आणि माणसे मात्र चारी दिशांची. कोणी ब्रह्मपुरी-आरमोरीच्या धानपट्ट्यातले, कोणी वसईचे, कोणी सिरोंचापलीकडच्या तेलुगू मुलखातले, तर कोणी थेट केरळातले. सर्वांचे क्वार्टर्स एकाच नकाशाचे. स्वयंपाकघराचा ओटा त्याच कोपऱ्यात, खिडकी त्याच भिंतीला. घरात शिरल्यावर कोण कुठला हे भिंतीवरून कळत नाही. ते कळते ताट वाढले जाते तेव्हा, आणि तेही ताटाच्या डाव्या बाजूवरून.

आपल्याकडे ताट वाढण्याची रीत ठरलेली आहे. मीठ, लिंबू, चटणी, कोशिंबीर, लोणचे डावीकडे, भाजी-आमटी उजवीकडे, भात-पोळी समोर. समोरचा भात सगळीकडे सारखाच. पण वैनगंगेकाठच्या घरात त्याच्या डावीकडे जवसाची चटणी असते, लसूण घालून परतलेला तिखटाचा भुरका असतो, आणि पावसाळा सुरू होऊन गेला असेल तर तरोट्याच्या कोवळ्या पानांची भाजी किंवा बांबूच्या कोवळ्या कोंबांची, म्हणजे वास्त्यांची, भाजीही असते. वसईच्या घरात सुक्या बोंबलाची चटणी असते. तेलुगू घरातली अम्मा गोंगुरा पचडी वाढते. तोंडात घातल्यावर उमगते की, ही तर आपलीच अंबाडी! प्राणहितेच्या अलीकडे तिची डाळ आणि कण्या घालून पातळ भाजी होते, पलीकडे तीच पाने तेलात परतून, मिरचीसह वाटून बरणीत जातात. नदीने भाषा बदलली, पाला बदलला नाही.

मे महिन्यात येथे पारा ४५ अंशांच्या पुढे जातो. त्या उन्हात गच्चीवर सांडगे, कुरडया, पापड वाळत पडलेले असतात आणि त्यांच्यावर जुने विरलेले लुगडे पसरलेले असते. बाहेरच्या पाहुण्याला वाटते, ते पाखरांसाठी. येथील गृहिणी सांगते, "फादर, पाखरांपेक्षा राखेची भीती जास्त." ज्या धुराड्यांवर घर चालते त्यांच्याच राखेपासून वाळवण वाचवायचे, असा हा संसार आहे.

आता आमच्या चुकीकडे वळतो.

सेमिनरीत असताना संत इग्नाशियस लोयोला यांच्या 'आध्यात्मिक साधना' या ग्रंथाचा अभ्यास आम्हांला होता. त्यात भोजनातील संयमाविषयी काही नियम दिलेले आहेत. भाकरीच्या बाबतीत संयमाची फारशी आवश्यकता नाही, रुचकर पदार्थांच्या बाबतीत ती अधिक आहे, असा त्यांचा आशय. तरुण वयात अशी शिकवण फार आवडते. आम्ही तिचा सोपा अर्थ लावला : भात-वरण ही गरज आणि चटणी-लोणचे ही जिव्हेची लालसा. एका उपवासकाळात आम्ही ताटाची डावी बाजू वर्ज्य केली. चाळीस दिवस सरले. पण सवय सुटली नाही. ती सोडण्याची आम्हांला इच्छाही नव्हती, कारण तिच्यात एक सूक्ष्म अभिमान होता. पुढे गुरुदीक्षा झाली, एका धर्मग्रामातून दुसऱ्यात बदल्या होत राहिल्या. धर्मगुरूनिवासात स्वतःपुरता कुकर लावायचा, भात आणि पातळ वरण जेवायचे, आणि घाई असेल तर चहात पाव बुडवायचा. दूध घशाखाली उतरत नसे म्हणून ते सोडले. अंडी-मासळी कोण आणणार आणि कोण शिजवणार, म्हणून तीही सुटली. गृहभेटीत वाढलेल्या ताटातील डावी बाजू आम्ही तशीच ठेवीत असू आणि गृहिणी संकोचाने विचारी, "फादर, तिखट झाले का?"

दोन वर्षांपूर्वीच्या उपवासकाळातील गोष्ट. क्रूसाच्या वाटेची भक्ती आटोपून आम्ही निवासाकडे परतत होतो. मागून वेदीसेवकांपैकी एक मुलगा धावत आला. त्याच्या हातात आमची डाव्या पायातली चप्पल होती. चर्चच्या पायरीवर ती निसटली होती. आम्ही खडीवरून पन्नास पावले तरी चाललो असू. पण एक पाय अनवाणी आहे, हे आम्हांला कळलेच नव्हते. मुलगा हसत होता. आम्हीही हसलो. रात्री मात्र झोप लागली नाही. पायांना मुंग्या येत, हे काही महिने जाणवत होते. वयाचे आहे म्हणून आम्ही तिकडे दुर्लक्ष केले होते.

डॉक्टरांनी रक्त तपासले. शरीरात बी-१२ या जीवनसत्त्वाचा मोठा तुटवडा होता. हे जीवनसत्त्व धान्यात नाही, पालेभाजीत नाही. ते दूध-दही, अंडी, मासे, मांस यांतून मिळते आणि ते दीर्घकाळ मिळाले नाही की मज्जातंतू दुबळे होतात. डॉक्टरांनी इंजेक्शने लिहून दिली आणि शांतपणे विचारले, "फादर, तुम्ही जेवता तरी काय?" पापनिवेदन ऐकण्याची आम्हांला सवय आहे. त्या दिवशी ते करण्याची पाळी आमच्यावर आली.

त्या रात्री आम्हांला आठवले ते आमचे थोरले काका.

आमचा जन्म वैनगंगेकाठच्या एका लहान खेड्यातला. काका काठी टेकीत चालत. गुडघे एकमेकांवर घासत आणि पावलांची बोटे जमिनीवर ओढली जात. चप्पल त्यांच्या पायांत टिकत नसे. म्हणून ते आयुष्यभर अनवाणी राहिले. त्यांचा आजार वेगळा होता आणि त्याचे कारणही वेगळे होते. पण तेही ताटातूनच आलेले होते. काका तरुणपणी एका मोठ्या शेतकऱ्याकडे सालगडी होते आणि मजुरीचा मोठा भाग त्यांना लाखोरीच्या रूपाने मिळे.

लाखोरी म्हणजे लाखेची डाळ. भंडारा, चंद्रपूर, गडचिरोलीच्या धानाच्या बांध्यांत ती जुनी आहे. धान कापण्यापूर्वीच ओल्या चिखलात तिचे बी फेकतात. नांगरणी नाही, पाणी देणे नाही. पावसाने दगा दिला, बाकीची पिके गेली, तरी लाखोरी उभी राहते. म्हणून ती गरिबाची डाळ. मात्र तिच्या दाण्यात मज्जातंतूंना घातक असे एक द्रव्य असते. इतर अन्नाच्या जोडीला थोडी खाल्ली तर ती सहसा बाधत नाही. पण दुष्काळात किंवा दारिद्र्यात सलग दोन-तीन महिने तीच मुख्य अन्न झाली की काही जणांचे पाय कायमचे आखडतात. या आजाराला लॅथिरिझम म्हणतात आणि आखडलेले पाय पुन्हा पूर्ववत होत नाहीत. या कारणासाठी १९६१ साली तिच्या विक्रीवर बंदी आली. महाराष्ट्राने ती २००८ साली उठवली. बंदीच्या काळातही आमच्या भागातील बांध्यांत लाखोरी पिकतच होती, कारण भूक कायदा वाचीत नाही.

आमच्या मायला अक्षरओळख नव्हती. पण दिराच्या पायांकडे पाहून ती जे शिकली ते ती कधी विसरली नाही. लाखोरी रात्रभर गरम पाण्यात भिजवायची, ते पाणी फेकायचे, पुन्हा उकळायची, तेही पाणी फेकायचे. एवढे करूनही ती लाखोरी भाताच्या मध्यभागी कधी येऊ देत नसे. तिचे दोन-तीन वडे ताटाच्या कडेला ठेवी. सोबत अंबाडीची भाजी, तीत मूठभर सुके झिंगे, जवसाची चटणी आणि ताकाचा पेला. घरी गाय नव्हती. शेजारणीचे शेण सारवून देण्याच्या बदल्यात ती ते ताक आणी. ताटात पाच जिनसा असल्याच पाहिजेत, मग त्या चिमूटचिमूट का असेनात, असा तिचा दंडक होता. आम्हां मुलांना वाटे, माय हौशी आहे. आज वाटते, ती पहारा देत होती.

पुढे आम्ही शिक्षणासाठी वसतिगृहात गेलो. एकदा माय भेटीला आली आणि तिने डब्यातून अंबाडी-झिंग्यांची भाजी आणली. डबा उघडताच खोलीभर वास पसरला आणि मुलांनी नाके दाबली. आम्ही तिला बाजूला घेऊन सांगितले, "असले काही यापुढे आणू नकोस." तिने डबा पदराखाली घेतला. त्यानंतर ती येई तेव्हा दुकानातली बिस्किटे आणी.

गुरुदीक्षेनंतर सुट्टीत घरी गेलो की ती पूर्ण ताट वाढी. आम्ही भात-वरण जेवून डावी बाजू तशीच ठेवीत असू. एकदा तिने त्या अस्पर्शित चटणीकडे बराच वेळ पाहिले आणि म्हणाली, "भाताच्या भरवशावर नको राहू बाप्पा, पाय शाबूत राहाले पाहिजे ना!" आम्ही मंद हसलो. सेमिनरीत तत्त्वज्ञान व ईशज्ञान शिकून आलेला मुलगा अशिक्षित मायच्या बोलण्यावर जसा हसतो, तसे ते हसणे होते. तिला आता देवाघरी जाऊन बरीच वर्षे झाली. ते हसणे परत घेता येत नाही.

आमच्यावर उपचार चालू असतानाच एक जुने सहाध्यायी धर्मगुरू चार दिवसांसाठी ऊर्जानगरला आले. त्यांनी काही वर्षे लॅटिन अमेरिकेत सेवा केली आहे. एका केरळीय कुटुंबाने आम्हां दोघांना रात्रीच्या जेवणास बोलावले. त्या घरातील परिचारिका भगिनीने, जिला सारी वसाहत चेची म्हणते, 'कप्पा' केला होता. कप्पा म्हणजे ज्यापासून साबुदाणा होतो ते कंद. ते उकडून, पाणी काढून टाकून, नारळाच्या वाटणात घोटायचे आणि माशाच्या तांबड्या कालवणाबरोबर खायचे. पाणी का फेकले, असे विचारता चेची म्हणाली, "अम्मच्ची सांगायची, त्या पाण्यात कडू असते." लाखोरीचे पाणी फेकणारी माय आम्हांला तेथे भेटली. या कंदातही एक विषारी अंश असतो आणि शिजवून पाणी फेकल्याने तो कमी होतो.

कप्पाचा पहिला घास घेताच आमचे स्नेही म्हणाले, "हे तर क्यूबाच्या नाताळच्या रात्रीचे जेवण!" कंद मूळचा दक्षिण अमेरिकेचा, तो पोर्तुगिजांनी आपल्याकडे आणला आणि त्रावणकोरचे महाराज विशाखम तिरुनाळ यांनी १८८० नंतरच्या दशकात त्याच्या लागवडीस उत्तेजन दिले. क्यूबात त्याला 'यूका' म्हणतात. उकडलेल्या यूकावर लसूण आणि आंबट संत्र्याच्या रसाची गरम फोडणी ओततात. सोबत भात आणि काळा घेवडा एकत्र शिजवलेला. शिवाय कच्च्या केळ्याचे काप तळून, चेपून पुन्हा तळलेले. मधोमध भाजलेले डुक्कर असते. पण ते सणापुरते, आणि तेही मिळाले तर. घराची ओळख या बाजूच्या पदार्थांत असते, असे स्नेह्यांचे निरीक्षण. १९६९ साली तेथील सरकारने नाताळची सुट्टी रद्द केली. ती परत आली १९९७ मध्ये, पोप दुसरे जॉन पॉल यांच्या जानेवारी १९९८ च्या भेटीच्या तोंडावर. मधल्या त्या वर्षांत अनेक घरांनी २४ डिसेंबरची रात्र स्वयंपाकघरात जपली.

पण त्यांनी सांगितलेली दुसरी हकीकत आमच्या पायांशी निगडित होती. १९९१ मध्ये सोव्हिएत संघ कोसळला आणि क्यूबाला होणारा तेल व धान्याचा पुरवठा आटला. ताटातील एकेक पदार्थ नाहीसा होत गेला. मांस गेले, दूध गेले, घेवडा कमी झाला. साखर मात्र त्या देशात पिकतच होती. १९९२ आणि १९९३ मध्ये तेथे एक विचित्र साथ आली. माणसांची दृष्टी मंद होऊ लागली, रंग ओळखू येईनात, कुणाच्या पायांची आग होई, कुणाचे पाय बधिर होत. पन्नास हजारांहून अधिक लोक या आजाराने ग्रासले. तंबाखू व मद्य यांनी भर घातली होती. परंतु मुख्य कारण जेवणातील 'ब' जीवनसत्त्वांचा अभाव हे होते. १९९३ मध्ये सबंध लोकसंख्येला जीवनसत्त्वांच्या गोळ्या वाटण्यात आल्या, तेव्हा साथ ओसरली.

आम्ही दोघे काही वेळ बोललो नाही. चेची वाढीत होती. आमच्या डाव्या हाताला ताकाची वाटी होती. आम्ही ती संपवली आणि दुसरी मागून घेतली. चेचीच्या चेहऱ्यावर जो आनंद दिसला, तो वर्षानुवर्षे आम्ही किती घरांतून नाकारला असेल, याचा विचार मनात येऊन लाज वाटली.

निवासावर परतल्यावर आम्ही इग्नाशियस संतांचे ते नियम पुन्हा काढून वाचले. तेथे एक अट स्पष्टपणे घातलेली आहे : संयम असा असावा की ज्याने आजारपण येणार नाही. स्वतः संतांनी मान्रेसा येथील कठोर उपवासांनी आपली प्रकृती बिघडवून घेतली होती. ती अट अनुभवातून आलेली आहे. तरुणपणी आम्ही नियम वाचला आणि अट वगळली. मायने अट पाळली. नियम तिला ठाऊकही नव्हता.

आता पायांना बरेच बरे आहे. डाव्या अंगठ्याची जाणीव अजून पूर्ण परतलेली नाही. डॉक्टर म्हणतात, तेवढी राहील. इंजेक्शनांचे काम इंजेक्शनांनी केले, त्याचे श्रेय चटणीला देणार नाही. मात्र आम्ही काय जेवतो हे वसाहतीतील भगिनींना कळल्यापासून आमच्या दारी रोज एक वाटी येते. दही, अंड्याची भुर्जी, सुकटीची चटणी, कधी उडदाचा वडा. आम्ही पहिल्यांदा नको म्हणालो. ब्रह्मपुरीकडच्या एका वृद्ध काकूंनी दरडावले, "फादर, प्रवचन तुम्ही द्या, ताट आम्हांला पाहू द्या."

याच काकूंना आम्ही एकदा अंबाडी-झिंगे शिकवा, अशी विनंती केली. त्यांनी शिकवले. आम्ही केलेही. चांगले झाले होते. पण मायच्या हातचे नव्हते. तिचा काहीतरी एक जिन्नस राहून गेला आहे. तो कोणता, हे विचारायची संधी आम्ही वसतिगृहाच्या त्या व्हरांड्यात गमावली.

या ज्ञानाची वाट आता सगळीकडूनच अरुंद होत आहे. पूर्वी येथील बायका पावसाळ्यात कडेच्या रानात शिरून तरोटा, वास्ते, रानभाज्या आणीत. आता वाघ-बिबट्यांचे भय आहे. फेब्रुवारी २०२२ मध्ये वीजकेंद्राच्या परिसरातच वाघाने एका कामगाराचा बळी घेतला. तेव्हापासून मुली रानाच्या कडेलाही जात नाहीत, आणि त्यांना दोष कसा द्यावा? घरातला एक माणूस पहिल्या पाळीला, दुसरा तिसऱ्या पाळीला. ज्याचा तो भात गरम करून घेतो आणि वर पाकिटातली शेव भुरभुरतो. मुले डब्यात अंबाडी नको म्हणतात. त्यांना आम्ही काय म्हणावे? आम्ही त्यांचेच थोरले भाऊ आहोत.

म्हणून वाचक बंधुभगिनींना उपदेश करण्याचा अधिकार आम्हांला नाही. एवढेच सांगतो की, आमच्या गृहभेटीतील एक प्रश्न बदलला आहे. पूर्वी आम्ही एकट्या राहणाऱ्या वृद्धांना विचारीत असू, "बरे आहे ना?" आणि ते म्हणत, "देवाची कृपा आहे." आता विचारतो, "आज ताटात काय काय होते?" पुष्कळदा उत्तर येते, "एकटीसाठी काय करायचे, फादर? भात टाकला, मीठ घेतले." असे उत्तर आले की परतताना आम्ही शेजारच्या दारावर थाप देतो आणि त्या घरी एक वाटी सांगून येतो. आजवर कोणत्याही दाराने नाही म्हटलेले नाही.